“सांगितलं काहून नाही?” : एकाच महिन्यात घरी आणि कंपनीत विचारला गेलेला एकच प्रश्न

हे प्रकरण खरं आहे. त्या घरच्या तिघांना विचारूनच लिहितेय, कंपनीचं, कॉलेजचं, क्लासचं नाव कुठंच येणार नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील मुद्दाम बदललेत. कम्युनिकेशन स्किल म्हटलं की लोकांना स्टेजवर माईक धरून बोलणं आठवतं. या प्रकरणात कोणालाच माईक लागला नाही.

पार्श्वभूमी

मी आठवड्यातले तीन दिवस एका ज्युनियर कॉलेजात समुपदेशक म्हणून बसते आणि बाकीच्या दिवसांत नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरीकडच्या कंपन्यांमध्ये सुपरवायझर लोकांचे ट्रेनिंग घेते. सहसा या दोन कामांचा एकमेकांशी संबंध येत नाही, इथं आला, कारण मुलगा माझ्या कॉलेजातला आणि त्याचे वडील अशाच एका कंपनीतले.

वडील ४८ वर्षांचे, हिंगणा एमआयडीसीत एका पावडर कोटिंगच्या लाईनचे इन्चार्ज. त्याच कंपनीत २२ वर्षं झाली, हेल्परपासून सुरुवात केलेली, त्यामुळे लाईनवरचा प्रत्येक नट त्यांना पाठ. आई एका पतसंस्थेत कामाला. मुलगा १७ वर्षांचा, बारावी सायन्स, सोबत जेईईचा क्लास, सकाळी सहाला घराबाहेर आणि संध्याकाळी सातला घरात. मेट्रोनं ये-जा. वडील घरी यायचे साडेसातला, आणि आल्या आल्या पहिला प्रश्न, “झाला का अभ्यास?” पोरगा म्हणणार “हो”. “टेस्ट कशी गेली?” “चांगली.” झालं, त्या दिवसाचा संवाद आटोपला, मग टीव्ही.

कंपनीतही त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “किती झालं?” म्हणजे किती पीस निघाले. उत्तर एक आकडा. आकडा बरा असला की पुढे जायचे, नसला की सगळ्या लाईनला ऐकू जाईल असा आवाज. माणूस वाईट नाही हां, हे आधीच सांगून ठेवते. पोरांना स्वतःच्या खिशातून चहा पाजणारा, कोणाच्या घरी आजारपण असलं की पहिले दवाखान्यात पोचणारा. पण लाईनवर आवाज चढला की चढला.

नेमकं काय झालं

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात आई क्लासमध्ये फीचा हप्ता भरायला गेली. काउंटरवरच्या मुलीनं सहज म्हटलं, मॅडम तुमचा मुलगा येऊन नाही राहिला ना, बरं आहे ना सगळं? सहा आठवडे पोरगा क्लासला गेलाच नव्हता. रोज सकाळी बॅग घेऊन निघायचा, सीताबर्डीला उतरायचा आणि एका अभ्यासिकेत जाऊन बसायचा, तिची महिन्याची फी पॉकेटमनीतून भरलेली. क्लासचे गैरहजेरीचे मेसेज वडिलांच्या नंबरवर जायला पाहिजे होते पण ॲडमिशनच्या फॉर्मवर पालकांच्या रकान्यात त्यानं स्वतःचाच दुसरा नंबर टाकला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीचे पुतळे मिरवत नेऊन जाळतात. आई मला पहिल्या भेटीत म्हणाली, “मारबतीच्या दिवशी आपण म्हणतो ना ईडा पीडा घेऊन जा गे मारबत, माझ्या घरची पीडा तं सोफ्यावर बसून मोबाईल पाहून राहिली.” आणि मग हसता हसता रडली.

वडिलांचं सांगायचं तर त्याच महिन्यात त्यांच्या लाईनवरून गेलेला साधारण ३४० इलेक्ट्रिकल पॅनलच्या दारांचा लॉट गिऱ्हाइकानं परत पाठवला. ज्यांना पावडर कोटिंग माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पत्रा धुऊन, फॉस्फेटिंग करून (म्हणजे रंग नीट धरावा म्हणून केमिकलचा थर देऊन) त्यावर पावडर मारतात आणि मग ओव्हनमधून काढतात, पावडरप्रमाणे फरक पडतो पण साधारण १८० ते २०० डिग्रीला दहाएक मिनिटं धातू तापावा लागतो तेव्हा ती पावडर वितळून नीट पकडते. याला क्युअर होणं म्हणतात. तापमान कमी पडलं तरी पीस बाहेर येतो तेव्हा दिसायला चांगलाच दिसतो. पण सॉल्व्हंटचा, म्हणजे रंग विरघळवणाऱ्या द्रवाचा बोळा घासला की रंग हाताला येतो, नाहीतर जोडणी करताना नख लागलं तरी ओरखडा. गिऱ्हाइकाकडे तेच झालं.

शोध घेतला तर कळलं की एका शुक्रवारी सेकंड शिफ्टला ओव्हनचा बर्नर दोनदा ट्रिप झाला होता, म्हणजे आपोआप बंद पडला होता. कन्व्हेयर काही थांबला नाही, पीस अर्धे कच्चेच ओव्हनमधून निघत राहिले. हे एका पोरानं पाहिलं होतं. आयटीआय करून आलेला ट्रेनी, वय १९. त्यानंच रीसेट बटण दाबून बर्नर परत पेटवला होता, आणि गप्प बसला होता.

वडिलांनी त्याला विचारलं, “तू मले सांगितलं काहून नाही?”

पोरगा म्हणाला, “साहेब, मागच्या टायमाले सांगितलं होतं ना एकानं.”

मागच्या वेळेला काय झालं होतं ते असं. ७०३५ नंबरच्या शेडऐवजी ७०३२ ची पावडर लोड झाली होती, दोन्ही करड्या रंगाच्या शेड, एक लाईट ग्रे, दुसरी पेबल ग्रे, ट्यूबलाईटच्या उजेडात घाईत पाहिलं तर चूक होऊ शकते. ज्या पोरानं लक्षात आणून दिलं त्यालाच सगळ्यांसमोर झापलं, “डोळे घरी ठेवून येतं का बे?” आणि दोन दिवस स्ट्रिपिंगच्या, म्हणजे बिघडलेल्या पीसवरचा रंग केमिकलनं उतरवायच्या टाकीवर उभं केलं, जे काम कोणालाच नको असतं. चूक त्याची नव्हतीही, त्यानं ती फक्त सांगितली होती. बाकीचे आठ-दहा पोरं ते पाहत होते. त्या दिवशी लाईनवरचा प्रत्येक जण एक गोष्ट शिकला आणि ती कोणत्याच ट्रेनिंगनं पुसली गेली नाही.

घरी त्याच आठवड्यात तोच प्रश्न पोराला विचारला गेला, जवळपास त्याच शब्दांत. पोरगा काहीच बोलला नाही. मला मात्र तिसऱ्या भेटीत सांगितलं. दहावीच्या प्रिलिमला गणितात कमी मार्क पडले होते, तेव्हा त्यानं स्वतः होऊन बाबांना सांगितलं होतं. बाबांनी मोबाईल काढून घेतला ते ठीक, पण रविवारी काका-काकू आले तेव्हा जेवताना तो आकडा सगळ्यांसमोर सांगितला. चुलत बहीण समोर बसलेली. “त्या दिवशीच ठरवलं मॅडम, आता काही सांगायचं नाही.”

या वेळेचं कारण पण साधंच होतं. जूनच्या टेस्टनंतर त्याला वरच्या बॅचमधून खालच्या बॅचमध्ये टाकलं होतं. शाळेपासूनचे मित्र वरच्या बॅचमध्ये, हा खालच्या मजल्यावर. दोन दिवस गेला, तिसऱ्या दिवशी जिना चढता-उतरताना मित्र भेटतील म्हणून गेला नाही, आणि मग एकदा न गेल्यावर दुसऱ्यांदा न जाणं सोपं पडतं.

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हे किशोरवय धरते. म्हणजे ओव्हनजवळ उभा असलेला तो ट्रेनी पण किशोरवयातच मोडतो, फक्त त्याच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आहे म्हणून आपण त्याला मोठा माणूस समजतो. या वयात समवयस्कांसमोर झालेला अपमान मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त झोंबतो, आणि पुढचा विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. वडिलांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणजे मी दोन्हीकडं पोट्टेच सांभाळून राहिलो.” बरोबर.

समोर कोणकोणते मार्ग होते

घरात प्रत्येकाचा उपाय वेगळा. आईचं म्हणणं क्लासवाल्यांना विनंती करून परत वरच्या बॅचमध्ये टाकावं. वडिलांचं म्हणणं नंबर बदला, मोबाईल जप्त करा, लोकेशन कळेल असं ॲप टाका. मामाचं म्हणणं पोरगा बोलतच नाही, त्याला पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासला टाका, इंग्लिश स्पीकिंग पण होऊन जाते.

वरची बॅच नको म्हटलं कारण मार्कांवर बॅच लागते तिथं विनंतीनं गेलेला पोरगा पुढच्या टेस्टला पुन्हा खाली येईल. नंबर बदलणं बरोबरच होतं, ते त्याच दिवशी केलं. लोकेशनच्या ॲपला मी ठाम नाही म्हटलं. पोराचा नेमका ठावठिकाणा कळेल आणि मनातलं काहीच कळणार नाही, आणि फोन अभ्यासिकेत ठेवून बाहेर जायला त्याला दोन मिनिटं लागतील. मामाच्या उपायाचं काय सांगू, पोरगा माझ्याशी तिसऱ्या भेटीत पाऊण तास सलग बोलला. त्याला बोलता येत नव्हतं असं नाहीच.

कंपनीत मॅनेजमेंटसमोर पण असेच पर्याय. ओव्हनपाशी कॅमेरा लावा. ट्रेनीला काढा. लाईनवर पोरं पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून दंड कापा. आणि एक पर्याय, सगळ्या सुपरवायझरांसाठी हॉटेलात एका दिवसाचं कम्युनिकेशन वर्कशॉप, जेवणासकट. त्या वर्कशॉपची स्लाईड मला दाखवली, त्यात तेच जुनं, संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांमधले आहेत, आणि ते भावना किंवा आवड-नावड सांगताना शब्द आणि सूर जुळत नसतील तेव्हापुरते होते, हे स्वतः मेहराबियन यांनी पण स्पष्ट केलंय. “बर्नर ट्रिप झाला” यात शब्दांचा वाटा ७ टक्के धरला तर मग झालंच कल्याण. माझ्या धंद्यातले लोक अजूनही ही स्लाईड फिरवतात, त्याची मला लाज वाटते.

एक गोष्ट मात्र मी वडिलांना आणि त्यांच्या मॅनेजरला आधीच सांगितली, सगळंच संवादावर ढकलू नका. तापमान खाली गेलं की हूटर वाजून कन्व्हेयर थांबेल असा इंटरलॉक बसवा. जे काम मशीन करू शकते त्यासाठी १९ वर्षांच्या पोराच्या हिमतीवर कशाला विसंबायचं.

काय केलं

पहिली भेट माझीच फसली. आई, बाबा, मुलगा तिघांना एकत्र बसवलं. ४० मिनिटांत पोरगा “हो”, “नाही” आणि “माहीत नाही” एवढंच बोलला आणि वडील हाताची घडी घालून त्याच्याकडे पाहत बसले, जसे लाईनवर बसत असतील. मी पण दोन प्रश्न असे विचारले की उत्तर एका शब्दातच येणार. चूक माझी.

मग वेगवेगळे बसलो. पोरानं पहिलाच प्रश्न विचारला, “हे बाबाले सांगसान का?” मी म्हटलं जिवाला धोका वाटला तर सांगेन, आणि सांगायच्या आधी तुला सांगेन की आता सांगतेय, बाकी काही सांगणार नाही. आणि लगेच स्वतःला इजा करायचे विचार येतात का हे सरळ त्याच शब्दांत विचारलं. बऱ्याच पालकांना वाटतं असं विचारलं की डोक्यात भरतं, तसं होत नाही, उलट पोरांना हायसं वाटतं. इथं उत्तर नाही असं होतं, झोप मात्र उडालेली होती. तरी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह करून घेतला.

वडिलांना मी गृहपाठ दिला. आठवडाभर दिवसभरात विचारलेले प्रश्न प्रॉडक्शनच्या डायरीत मागच्या पानावर लिहायचे, घरचे पण, कंपनीतले पण. माणूस पद्धतशीर, लिहून आणले. ३८ प्रश्नांपैकी ३१ असे होते ज्यांचं उत्तर आकडा नाहीतर हो-नाही. बाकी सातांतले तीन “काहून?” नं सुरू होणारे, आणि ते पण रागातले. कागद पाहून पाच मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, “हे तं चेकलिस्ट आहे.”

त्यांना यंत्रांच्या गोष्टी आवडतात म्हणून मी त्यांना विमानाचा एक अपघात सांगितला. डिसेंबर १९७८, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाईन्सचं विमान उतरायच्या आधी लँडिंग गिअरच्या गडबडीत घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. १८९ पैकी १० माणसं गेली. इंधन कमी होतंय हे कॉकपिटमधल्या सहकाऱ्यांना माहीत होतं, त्यांनी सांगितलंही, पण कॅप्टनला ठणकावून सांगायची हिंमत झाली नाही, आणि कॅप्टन गिअरमध्ये गुंतलेला. त्यानंतर १९८१ पासून त्या कंपनीनं वैमानिकांना शिकवायला सुरुवात केली की हाताखालच्यानं कसं ठामपणे सांगायचं आणि वरच्यानं कसं ऐकायचं. पुढे जगभर हे ट्रेनिंग सक्तीचं झालं. वडिलांनी विचारलं, “म्हणजे शिकवायचं कोणाले, पोराले का मले?” मी म्हटलं दोघांना, पण सुरुवात तुमच्यापासून.

आता खरा निर्णयाचा टप्पा. बॅच उतरल्याची गोष्ट वडिलांना कोणी सांगायची? मी सांगितली असती तर काम पटकन झालं असतं पण पोराच्या नजरेत मी बाबांची खबरी झाले असते. आई तयार होती, पण दोघांच्या मध्ये निरोप पोचवण्याचं काम ती दोन वर्षं करतच होती. शेवटी ठरलं की पोरगाच सांगेल, आणि वडील फक्त ऐकतील, उत्तर दुसऱ्या दिवशी. दोघांनाही वेगवेगळं पटवलं. कुठं सांगायचं हे पण ठरवलं, जेवणाच्या टेबलावर नाही, तिथंच तर आकडा वाचला गेला होता. रविवारी सकाळी तर्री पोहे खायला जाताना, गाडीवर. मागे बसलेल्या माणसाला समोरच्याचा चेहरा दिसत नाही. या वयातल्या पोरांना समोरासमोर डोळ्यात डोळे घालून बोलणं अवघड जातं, चालताना, गाडीवर, भांडी घासताना सोपं जातं, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

झालं कसं, तर पोरानं शंकर नगर चौकाच्या आसपास सांगितलं. वडील नियम पाळून गप्प होते, आणि मग सिग्नलला गाडी थांबल्यावर तोंडातून निघूनच गेलं, “म्हणजे सहा आठवडे मी येड्यासारखा...” आणि तिथंच थांबले. पोरानं मला नंतर सांगितलं की थांबले ते त्याला जास्त लक्षात राहिलं. पोहे खाताना दोघंही काही बोलले नाहीत. पैसे देताना वडील म्हणाले, “सांगितलं ते बरं केलं.” मी त्यांना लांबलचक वाक्यं लिहून दिली होती, मला असं वाटतं, मला तुझी काळजी वाटते वगैरे, पुस्तकी. त्यातलं एकही त्यांनी वापरलं नाही आणि बरंच झालं.

कंपनीत दोन बदल केले. शिफ्ट बदलताना पाच मिनिटं सगळ्यांनी उभं राहायचं आणि पहिला प्रश्न “किती झालं?” नाही, तर “आज कुठं अडकलं?” आकडा नंतर. आणि ओव्हनच्या बाजूला एक वही, पोरांनी तिचं नाव ठेवलं गडबड वही. जे बिनसलं, जे विचित्र दिसलं ते लिहायचं, कोणी केलं ते लिहायचं नाही.

कुठं कुठं अडलं

पहिले आठ दिवस वही कोरी. एका पोरानं फक्त “पंखा बंद आहे” लिहिलं, बहुतेक पाणी किती खोल आहे ते पाहायला. नवव्या दिवशी वडिलांनी स्वतः लिहिलं, “फॉस्फेटिंगच्या टाकीचं टायट्रेशन मंगळवारी करायचं राहिलं. माझ्याकडून.” टायट्रेशन म्हणजे टाकीतल्या केमिकलची तपासणी. खाली सही. हे मी सुचवलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चार नोंदी आल्या.

दीड महिन्यात नोंदी इतक्या वाढल्या की प्लांट मॅनेजरनं बोलावून घेतलं, तुमच्या लाईनवरच एवढ्या गडबडी कशा, बाकीच्या लाईनवर तर काहीच नाही? हा प्रश्न येणारच होता. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना पण हेच कोडं पडलं होतं, चांगल्या टीममध्ये चुका जास्त दिसत होत्या. नंतर उलगडलं की तिथं चुका जास्त होत नव्हत्या, तिथले लोक त्या लपवत नव्हते. मी वडिलांना हे सांगून ठेवलं होतं, पण मॅनेजरसमोर त्यांनी अभ्यास-बिभ्यास काही काढला नाही. दोन कागद नेले, एक वहीची झेरॉक्स आणि दुसरा रीवर्कचा, म्हणजे बिघडलेले पीस परत करावे लागतात त्याचा तक्ता. नोंदी वाढल्या त्या आठवड्यांत रीवर्क खाली आला होता. आणि म्हणाले, “साहेब, तीन महिने या वहीवरून कोणाले दंड नको, मग तुम्ही म्हणान तसं.” आयुष्यभर वरच्यांना “हो साहेब” म्हणणाऱ्या माणसासाठी हे वाक्य सोपं नव्हतं, आदल्या रात्री त्यांनी ते मला फोनवर तीनदा म्हणून दाखवलं.

मॅनेजर कबूल झाला. पण ठेकेदार नाही. नोव्हेंबरमध्ये त्यानं वहीतली एक नोंद पाहून एका पोराचा अर्धा दिवस कापला आणि वही लगेच दोन आठवडे कोरी. वडिलांनी भांडून ते पैसे परत मिळवून दिले तेव्हा कुठं पुन्हा सुरू झाली, तीही आधीइतकी नाही. इथं मी कमी पडले, ठेकेदाराला सुरुवातीलाच बैठकीत बसवायला पाहिजे होतं. पोरांचा पगार त्याच्या हातात, आणि ज्याच्या हातात पगार त्याच्या मुठीत जीभ.

घरचं पण काही सरळ नव्हतं. दिवाळीत काका परत आले, परत जेवण, परत विषय निघाला, “काय मग, आयआयटी का?” वडील म्हणाले, “त्याचं तो सांगेल.” पोरगा म्हणाला, “काका, जेईई सोडून राहिलो, सीईटी देणार आहे.” काका अर्धा तास समजावत बसले आणि रात्री वडील चिडलेच, सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती म्हणून. म्हणजे पोरानं लपवलं तरी राग, उघड सांगितलं तरी राग. हे मी त्यांना तसंच म्हटलं. थोडे हसले, थोडे नाही.

निकाल

जानेवारीपर्यंतचं लिहितेय.

पोरानं क्लास सोडला, राहिलेल्या हप्त्याचं काय हा वाद क्लासवाल्यांशी अजून चालू आहे. बोर्ड आणि एमएचटी-सीईटी एवढंच लक्ष्य ठेवलंय, अभ्यासिका तीच, फक्त आता घरी माहीत आहे. डिसेंबरच्या सराव परीक्षेत फिजिक्समध्ये बरेच कमी पडले. ते त्यानं स्वयंपाकघरात आईला सांगितलं, वडील बाहेर सोफ्यावर असताना, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. वडिलांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि उठून आत आले नाहीत. मला विचाराल तर या घरासाठी ही मोठी प्रगती आहे. “तरी मी म्हटलं होतं” हे त्यांच्या तोंडून अजून निघतंच, आठवड्यातून दोनदा तरी.

इंटरलॉक बसला, ऑक्टोबरमध्ये. तरी डिसेंबरमध्ये एकदा त्याचा सेन्सर चुकीचं तापमान दाखवत होता, हूटर वाजला नाही. त्याच १९ वर्षांच्या ट्रेनीला पीसची चमक वेगळी वाटली, त्यानं लोडिंग थांबवलं आणि साहेबांना सेकंड शिफ्टमध्ये घरी फोन केला. १२ दारं बाजूला काढली, बोळा घासून पाहिला, रंग निघाला. बारा. ३४० नाही. वडिलांनी दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांच्या उभ्या बैठकीत त्याचं नाव घेतलं, सगळ्यांसमोर.

जानेवारीत तो ट्रेनी चाकणला जास्त पगारावर निघून गेला. जाताना त्यानं वहीत लिहिलं, “नवीन पोराले बर्नरचा आवाज ओळखायला शिकवा.” वडिलांनी त्या पानाचा फोटो मला पाठवला.

परत करायचं झालं तर

ठेकेदाराचं वर आलंच. पहिली एकत्र बैठक मी घेणार नाही, हे पण.

आणखी एक. कॉलेजमध्ये असताना मी या पोराच्या हजेरीकडे लक्षच दिलं नव्हतं, कारण क्लासशी टायअप असलेल्या कॉलेजात हजेरी नावाला असते हे सगळ्यांना माहीत आहे आणि आपण सगळे ते चालवून घेतो. जून-जुलैमध्ये बॅच बदलल्या की कोणकोणते पोरं खाली गेले ही यादी क्लासकडून मागायला काहीच हरकत नव्हती. या वर्षी मागणार आहे. त्या दोन आठवड्यांत एक चक्कर मारून नुसतं “कुठं अडकलं?” विचारलं असतं तरी सहा आठवडे कदाचित वाचले असते, कदाचित नसते.

आणि आई. शेवटच्या भेटीत बाप-लेक बाहेर गाडी काढायला गेले आणि ती दारात थांबली. म्हणाली, “मॅडम, त्या दोघांचं बोलणं सुरू झालं, चांगलं झालं. आता ते एकमेकांशी बोलतात आणि मी भाजी चिरत राहतो. दोन वर्षं दोघांचे निरोप मीच पोचवले, त्यातलं अर्धं गिळलं पण, तुम्ही त्याबद्दल मले काही विचारलं नाही.”

खरं होतं. माझ्या फाईलमध्ये तिच्या नावाचं एक पण पान नव्हतं. मी पुढच्या गुरुवारची वेळ देऊ केली.

“संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं की येतो,” म्हणाली आणि गाडीचा हॉर्न वाजला तशी जिना उतरून गेली.